सात आठवड्यांचे औषध

सियागंज ही इंदूरची किराण्याची घाऊक पेठ. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरच्या अरुंद गल्ल्या, हातगाड्या, लोडिंग रिक्षा. हळद, खोबरे, साबुदाणा, सुकामेवा, गरम मसाला आणि त्याच रांगेत सुपारी. माळव्यातले गावोगावचे दुकानदार इथून माल भरतात. गादीवरचा शेठ, वही लिहिणारा मुनीम आणि पाठीवर पोते घेणारा हम्माल यांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पण दुपारच्या वेळी तिघांच्याही गालात सुपारीचे खांड सापडू शकते. कुणाच्या तंबाखू जास्त, कुणाच्या चुना, एवढाच फरक. जागतिक कर्करोग-नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण एका वर्षात निघाले आणि जवळपास ८० हजार माणसे त्याने गेली. त्यात शेठ, मुनीम, हम्माल सगळेच आले. उपचार मात्र तिघांचे सारखे पार पडत नाहीत. का पडत नाहीत, याचे उत्तर आपण गरिबीत शोधतो आणि तिथेच थांबतो. मला ते उत्तर पेशीच्या आत शोधायचे आहे.

माझे म्हणणे असे: डोके-मानेच्या कर्करोगावर किमो आणि रेडिएशन एकत्र दिले जाते तेव्हा उपचाराचे वेळापत्रक हा त्या उपचाराचा रेणवीय भागच असतो. हम्मालाचा एक मंगळवार चुकला, तर ती केवळ रुग्णालयाच्या रजिस्टरातली गैरहजेरी नसते. त्या मंगळवारी डीएनएच्या दोन धाग्यांच्या पातळीवर काहीतरी घडायचे असते, ते घडत नाही आणि त्याच्या उलटे काहीतरी घडते.

आधी रेडिएशन. आपल्याकडे रुग्ण त्याला ‘शेक’ म्हणतात, इंदूरच्या हिंदीत ‘सिकाई’. प्रत्यक्षात त्यात शेकण्यासारखे काही नाही. रोजची मात्रा साधारण २ ग्रे, म्हणजे एक किलो मांसाला २ ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान एका अंशाचा हजारावा हिस्साही वाढत नाही. इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने चोइथराम मंडीच्या आवारात इलेक्ट्रॉन-किरणांचे संयंत्र उभारले आहे. अशा संयंत्रात वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला २५ हजार ग्रेची मात्रा लागते. माणसाला पूर्ण उपचारात मिळतात ६० ते ७० ग्रे, तेही ३० ते ३५ दिवसांत वाटून. मारायचेच असते तर ही मात्रा हास्यास्पद आहे. ती चालते, कारण तिचे लक्ष्य अतिशय नेमके आहे. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल मूलक डीएनएला भिडतात, आणि १ ग्रेमागे प्रत्येक पेशीत सुमारे हजार एकेरी तुटी व ४० च्या आसपास दुहेरी तुटी होतात. एकेरी तूट पेशी सहज सांधते, कारण समोरचा धागा शाबूत असतो आणि त्यावरून नक्कल करता येते. दुहेरी तुटीत दोन्ही धागे गेले, की नक्कल करायला काही उरत नाही. जिवावर बेतते ते इथे.

बेतते, पण लगेच मृत्यू येत नाही. पेशीकडे दुरुस्तीची फौज असते. कू नावाची प्रथिने तुटलेल्या टोकांवर जाऊन बसतात, एटीएम नावाचे प्रथिन धोक्याची घंटा वाजवते, आणि काही तासांत बहुतेक तुटी सांधल्या जातात. निरोगी पेशींचे हे काम साधारण सहा तासांत बऱ्यापैकी आटोपते. म्हणूनच दिवसातून दोनदा रेडिएशन द्यायचे झाले तर मध्ये किमान तेवढे अंतर ठेवतात. सगळा उपचार या स्पर्धेवर उभा आहे: उद्याची मात्रा येईपर्यंत निरोगी पेशी सावरली पाहिजे आणि गाठीतली पेशी सावरता कामा नये.

गाठीतली पेशी सावरू नये याची तजवीज सिस्प्लाटिन करते. हे औषध सापडले तेच अपघाताने. १९६५ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विद्युत क्षेत्राचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबच लांब वाढत गेले, पण त्यांचे विभाजन होईना. दोष विजेचा नव्हता. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून झिरपलेल्या संयुगाचा होता. १९७८ मध्ये ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाले. रक्तात क्लोराइड भरपूर असते, तोवर सिस्प्लाटिन शांत राहते. पेशीत क्लोराइड कमी. तिथे त्याचे क्लोराइड सुटते, जागा पाणी घेते आणि प्लॅटिनमचा अणू डीएनएतल्या ग्वानिनला घट्ट चिकटतो. बहुधा शेजारच्या दोन ग्वानिनना एकत्र बांधतो आणि धागा तिथे वाकतो.

आता रोजच्या २ ग्रेची तूट जर अशा वाकलेल्या जागेजवळ झाली तर? कू प्रथिनाला तुटलेल्या टोकावरून आत सरकावे लागते, आणि वाटेत प्लॅटिनम बसलेले असते. कापड फाटले म्हणून रफूगार आला, आणि पाहतो तो फाटलेली कडाच कुणी डिंकाने चिकटवून ठेवलेली, अशी गत. दुरुस्ती रखडते, चुकते किंवा होतच नाही. एकट्या रेडिएशनने जी पेशी वाचली असती, ती दोघांच्या जोडीत जाते. म्हणूनच सिस्प्लाटिन रेडिएशनच्या काळातच द्यायचे असते. तेच औषध आधी किंवा नंतर दिले तर एवढा फायदा होत नाही. डोके-मानेच्या कर्करोगावरच्या ९३ चाचण्यांचे आणि १७ हजारांहून जास्त रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बरोबरीने दिलेल्या किमोमुळे पाच वर्षांनी शंभरातले साडेसहा जण अधिक जिवंत होते. साडेसहा म्हणजे थोडे वाटतात. पण ते साडेसहा जण ‘बरोबरीने’ मुळे आलेले आहेत, म्हणजे वेळेमुळे.

इथे सुपारीची आठवण ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तंबाखूविनासुद्धा सुपारी ही कर्करोगकारक आहे असे २००४ मध्येच छापून टाकले. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, देशात सगळ्यांत आधी. बाजाराने पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत देऊन बंदीला वळसा घातला. ते जगजाहीर आहे, त्यावर जास्त शाई कशाला. कमी बोलले जाते ते हे, की सुपारी आणि तंबाखू केवळ गाठ निर्माण करत नाहीत, पुढच्या उपचाराचे गणितही तेच मांडून ठेवतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग-संशोधन केंद्राच्या आणि कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगातले जनुकीय बदल प्रसिद्ध केले. हा आपल्याकडचा खास कर्करोग, विडा आणि पुडी जिथे दाबून धरतात तिथला. या गाठींत पी-५३ नावाच्या जनुकात वारंवार बिघाड सापडतो. पी-५३ चे काम पहारेकऱ्याचे: डीएनए तुटला तर पेशीला थांबवायचे, दुरुस्त होत नसेल तर तिला आत्मनाशाकडे ढकलायचे. युरोप-अमेरिकेत टॉन्सिल आणि घशाचे जे कर्करोग पॅपिलोमा विषाणूमुळे होतात, त्यांत पी-५३ सहसा शाबूत असतो. विषाणू त्याला फक्त दाबून ठेवतो. म्हणून ते रुग्ण उपचाराला चांगला प्रतिसाद देतात. सियागंजच्या गालातली गाठ त्या जातीची नव्हे. तिकडच्या चाचण्यांत ‘उपचार सौम्य करता येईल का’ असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न जसाच्या तसा इकडे आणणे धोक्याचे आहे.

पहारेकरी नसलेली पेशी तुटका डीएनए घेऊन तशीच विभाजनात शिरते. एकदा, दोनदा, कधी तीनदा विभागते आणि गुणसूत्रांचा गोंधळ असह्य झाला की मरते. मृत्यू उशिराचा असतो. त्यामुळे उपचार संपल्यावरही गाठ आठवडेच्या आठवडे वितळत राहते, आणि पेट-स्कॅन सुमारे १२ आठवड्यांनी करायचा असतो. ‘शेक संपले तरी गाठ हाताला लागते’ म्हणून घाबरलेल्या घरच्यांना हे कुणी समजावून सांगत नाही, ही वेगळी तक्रार.

उशिराच्या या मृत्यूला दुसरी बाजूही आहे. मरणाऱ्यांच्या शेजारी ज्या पेशी वाचतात, त्या चौथ्या आठवड्याच्या आसपास वेगाने वाढू लागतात. रेडिएशनचा ताणच त्यांना चेतवतो. पेशीच्या पृष्ठभागावरचे ईजीएफआर हे वाढीचे ग्राहक त्याने सक्रिय होते. १९८८ मध्ये विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की चौथ्या आठवड्यानंतर रोजचे सुमारे ०.६ ग्रे केवळ ही नवी वाढ मागे ढकलण्यात खर्च होतात. म्हणजे पाचव्या आठवड्यातल्या २ ग्रेपैकी जवळपास एक तृतीयांश हिस्सा जागच्या जागी उभे राहण्यात जातो. त्या आठवड्यात चार दिवस खाडा झाला तर मागच्या कमाईला उतरती कळा लागते. आणि खाडा होतो तो बहुधा याच आठवड्यात. कारण तोंड आलेले असते, पाणी गिळवत नाही, गावाकडे पेरणी निघते किंवा हातचे पैसे संपतात. गाठ सावरण्याचा आणि माणूस खचण्याचा मुहूर्त एकच असतो.

हा हिशेब कागदावरचा नाही. डेन्मार्कमध्ये डॉक्टरांनी एकूण मात्रा तीच ठेवली, फक्त आठवड्याला पाच ऐवजी सहा फेऱ्या केल्या. २००३ च्या अहवालात मूळ जागेवरचे आणि मानेतले मिळून रोगाचे नियंत्रण पाच वर्षांनी ६० वरून ७० टक्क्यांवर गेले होते. मग तोच प्रयोग आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशिया, आफ्रिका, पूर्व युरोप, दक्षिण अमेरिका इथल्या साधनांनी तोकड्या रुग्णालयांत केला. २०१० मध्ये निकाल आला, नियंत्रण ३० ऐवजी ४२ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, एक शनिवार. जाणकार इथे मला अडवतील: सिस्प्लाटिन जोडल्यावर वेगवान वेळापत्रकाचा वेगळा फायदा अमेरिकेच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. खरे आहे. पण त्याचा अर्थ मी असा लावतो की दोन्ही उपाय एकाच खिडकीतून आत शिरतात. वेळ आणि प्लॅटिनम दोघेही त्याच सावरण्यावर घाव घालतात. एक असेल तर दुसऱ्याची भर कमी पडते. वेळ वाया घालवली तर चालेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

‘मात्रा’ आणि ‘सोय’ यांची गाठ कशी पडते, याचे सगळ्यांत बोलके उदाहरण आपल्या घरचे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. अर्ध्यांना दर तीन आठवड्यांनी शरीराच्या दर चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅम सिस्प्लाटिन, अर्ध्यांना दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम. देशभर दुसरीच पद्धत रूढ होती, आणि का होती ते उघड आहे. १०० मिलिग्रॅमला खाट लागते, सलाइनच्या बाटल्या लागतात, उलट्यांवरची चांगली औषधे लागतात, मूत्रपिंडांवर नजर ठेवावी लागते. ३० मिलिग्रॅम डे-केअरमध्ये टोचून माणूस संध्याकाळच्या गाडीने घरी जातो. दोन वर्षांनी नियंत्रण मोठ्या मात्रेत ७३.१ टक्के, छोट्या मात्रेत ५८.५ टक्के. गंभीर त्रासही मोठ्या मात्रेतच जास्त, ८४.६ विरुद्ध ७१.६. ही चौदा-पंधरा टक्क्यांची दरी मी अशी वाचतो: खाटांचा तुटवडा प्लॅटिनमच्या अणूंच्या तुटवड्यात उतरला. रुग्णालयात जागा नव्हती म्हणून डीएनएवर कमी गाठी बसल्या.

मग दर आठवड्याची पद्धतच वाईट का? नाही. जपानमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर आठवड्याला ४० मिलिग्रॅम देऊन पाहिले, आणि २०२२ च्या निकालात ती पद्धत तीन-आठवडी मात्रेपेक्षा कमी ठरली नाही. दोष ‘आठवड्याला’ मध्ये नव्हता, ‘तीस’ मध्ये होता. सोय करावी, पण सोयीची किंमत रेणूंकडून वसूल केली जात नाही ना, हे मोजून करावी. टाटांनी ते मोजले, म्हणून त्या चाचणीला मी कुठल्याही चकचकीत औषधाच्या चाचणीपेक्षा वरचे स्थान देतो.

ज्यांची मूत्रपिंडे किंवा कान सिस्प्लाटिन झेपू देत नाहीत, त्यांच्यासाठीही टाटांचेच काम आहे. आठवड्याला १५ मिलिग्रॅम डोसेटॅक्सेल. ते डीएनएला हात लावत नाही. ते पेशीचा सांगाडा गोठवते आणि पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर रोखून धरते, आणि किरणांना पेशी सर्वाधिक बळी पडते ती नेमकी याच अवस्थेत. ३५६ रुग्णांच्या या चाचणीत दोन वर्षे रोगमुक्त राहणारे ३०.३ वरून ४२ टक्के झाले. निकाल २०२३ चा. दोन औषधांच्या रेणवीय वाटा इतक्या वेगळ्या, पण दोन्हींचे यश एकाच अटीवर: त्या त्या आठवड्याचे रेडिएशन त्या त्या आठवड्यात झाले पाहिजे.

याउलट नेमके लक्ष्य साधणाऱ्या महागड्या रेणूंची कहाणी पाहा. ईजीएफआर रोखणारे सेटुक्सिमॅब रेडिएशनसोबत चांगले काम करते असे २००६ मध्ये दिसले. पण विषाणूजन्य कर्करोगात सिस्प्लाटिनच्या जागी बसवून पाहिले तेव्हा दोन चाचण्यांत ते मागे पडले. प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे किमो-रेडिएशनला जोडली. अव्हेल्युमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब, दोन्हींच्या मोठ्या चाचण्यांना अपेक्षित यश आले नाही. पेशीला आत्मनाश करायला लावणाऱ्या झेव्हिनापँटची सुरुवातीची कामगिरी झळाळती होती; अंतिम टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली. गंमत अशी की किरणांमुळे फुटलेला डीएनए पेशीद्रवात सांडतो आणि त्यातून प्रतिकारशक्तीला हाक जाते, हे प्रयोगशाळेत पक्के दिसते. मग रुग्णात का फळले नाही? एक पटण्याजोगे कारण असे की रेडिएशनच्या टापूत मानेच्या लसिका ग्रंथीही येतात. ज्या लिम्फोसाइटना हाक मारायची, त्याच तिथे मरतात. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू करून पाहिले, तेव्हा २०२५ मध्ये फायदा दिसला. रेणू तोच, दिवस बदलले.

म्हणून नव्या रेणूंवर माझा राग नाही. राग आहे तो वेळापत्रकाला ‘प्रशासकीय बाब’ समजण्यावर. ब्रिटनच्या रेडिऑलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनात डोके-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण पहिल्या वर्गात धरले जातात. त्यांचा उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये, लांबला तर शनिवारी किंवा दिवसातून दोनदा देऊन भरून काढावा. आपल्याकडे यंत्र बंद पडते, दिवाळी येते, कोबाल्टचा स्रोत जुना होतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे. स्रोत बदलला नाही तर तेवढ्या काळाने प्रत्येक रुग्णावर किरण दुप्पट वेळ सोडावे लागतात आणि रांगही वाढते. ही रांग भौतिकशास्त्राने लांबते आणि जीवशास्त्रात वसूल होते.

खाडे टाळण्याची कामे बरीचशी दवाखान्याबाहेरची असतात. सुपारीने जखडलेले तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, त्यामुळे किडके दात वेळेत काढता येत नाहीत. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचे हाड सडण्याची भीती. नाकातली नळी नको म्हणून माणूस उपाशी राहतो, सहा-सात किलो घटतो आणि मग तोंडावरचा जाळीचा मुखवटा सैल पडून सगळे मोजमाप पुन्हा करावे लागते. विडी सुटत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि ऑक्सिजन नसेल तर मूलकांनी केलेली तूट पक्की होत नाही. १९९३ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात उपचारादरम्यान धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी ४५ टक्के पूर्ण प्रतिसाद देत होते, न ओढणाऱ्या किंवा आधीच सोडलेल्यांपैकी ७४ टक्के. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला टाटांत गेलेल्याला पहिला प्रश्न औषधाचा पडत नाही, राहायचे कुठे याचा पडतो. दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत मिळालेली खाट मी तरी उपचारातच मोजतो. तिच्यामुळे पस्तीस फेऱ्या पस्तीस होतात.

आयुष्मान भारत योजना २०१८ पासून औषधाचे आणि यंत्राचे पैसे देते. हम्मालाची सात आठवड्यांची मजुरी ती देत नाही. पोत्यामागे पैसे मिळणाऱ्याला भरपगारी रजा हा शब्दच लागू नाही. क्षयरोग्यांच्या बाबतीत मात्र सरकारने हे मान्य केले आहे: निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये खात्यात जमा होत, आता ते १००० झाले आहेत. तिथे तर्क स्पष्ट होता, गोळ्या चुकल्या तर जिवाणू सावरतो. पाचव्या आठवड्यात गाठ सावरते हा तर्क त्यापेक्षा कमी भक्कम नाही. उलट त्याचा आकडाही आपल्याजवळ आहे, दिवसाला ०.६ ग्रे. पैसे दिले तर रुग्ण केवळ पैशासाठी येतील, अशी शंका कुणी काढेलच. नळी घालून, तोंड सोललेले असताना, टेबलाला मुखवट्याने जखडून घ्यायला रोज कोण पैशासाठी येते, हे त्याने एकदा एखाद्या रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर बसून पाहावे. आणि मजुरीबरोबर दुसरी एक गोष्ट मागायला हवी, तिला तर खर्चही नाही: प्रत्येक सरकारी आणि खासगी केंद्राने डोके-मानेच्या रुग्णांचा उपचार ठरला किती दिवसांचा आणि संपला किती दिवसांत, हे दोन आकडे दरवर्षी जाहीर करावेत. यंत्र किती कोटींचे आहे हे आपल्याला उद्घाटनाच्या बातमीत कळते. ते यंत्र बंद किती दिवस होते, हे कुठेच छापून येत नाही.